तंबी कोण देणार?

अकोल्याहून निघताना बायकोने मला बजावलं होतं, "चेन्नईत आपली भाषा कुणाला कळत नाही. तेवढे दिवस तरी तोंडाला विश्रांती द्या." यातलं पहिलं वाक्य साफ चुकीचं निघालं आणि दुसरं मी मानलं नाही. दोन्हींचा मिळून जो परिणाम झाला, तो चेन्नईला न गेलेल्यांसाठी सांगतो. जे गेले आहेत त्यांनी इडल्या खाल्ल्या, समुद्र पाहिला आणि ते सुखरूप परत आले. माझं तसं झालं नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे, पण गाव मला ओळखतं ते माईकमुळे. सत्कार, शोकसभा, गॅदरिंग, बारसं... दोन माणसं आणि एक माईक जमला की तिसरा मी. माझी भाची केतकी तेव्हा, म्हणजे दोन हजार आठ साली, चेन्नईतल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. तिथल्या मराठी मंडळींचा पोंगलनंतर मेळावा होता. त्यांना हसवणारा माणूस हवा होता. केतकीने मामाचं नाव सुचवलं. नंतर तिला त्याचा पश्चात्ताप झाला, पण ते पुढे येईलच.

वेलचेरी

केतकी वेलचेरीत राहायची. सगळीकडे नव्या उंच इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ. दारांसमोर पोंगलच्या रांगोळ्या अजून फिकट दिसत होत्या. शेअर ऑटोतून आलो तेव्हा माझ्या मांडीवर एक अनोळखी बाई, तिच्या मांडीवर कोबीची पिशवी आणि माझ्या खांद्यावर कुणाचं तरी डोकं, असा माझा प्रवेश झाला.

घरमालकीणबाईंना केतकी "मामी" म्हणत होती. मला "मामा". आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे! मी चपापून चार बोटं सरकलो. केतकी हसली. "इथे सगळ्याच मोठ्या बायका मामी असतात हो."

मामींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि इंग्रजीतून विचारलं, "सख्खा मामा? आईचा भाऊ?"

"हो," मी म्हणालो, "अगदी सख्खा."

मामींचा चेहरा उजळला. "अस्सं! मग लग्न कधी आहे?"

"कुणाचं?"

"तुमचं. हिच्याशी."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. माझं वय बावन्न, डोक्यावर केस मोजके, घरी बायको. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं हे मला ठाऊक होतं, पण इकडे कित्येक घरांत खुद्द मामाचाच भाचीवर पहिला हक्क असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "विचारा त्यांना, घेतलेला माल परत घेतात का."

मामींनी कॉफी दिली. पितळी पेल्यात कॉफी, खाली पितळी वाटी. मी पेल्याला ओठ लावला आणि दोन बायका एकदम दचकल्या. कॉफी वरून, ओठ न लावता ओतायची असते. मी ओतली. निम्मी नाकात गेली. उरलेली मात्र अशी होती की मी आणखी एक पेला मागितला आणि तोही नाकात घातला.

संध्याकाळी केतकी बाल्कनीत फोनवर रडवेल्या आवाजात बोलत होती. "लेट सेव्हनचा अजून पत्ता नाही! काल थोडा दिसला होता. आज साफ गायब."

फोन ठेवल्यावर मी धीर दिला. "अगं, उशीर होतोच दक्षिणेकडच्या गाड्यांना. कुणी येणार होतं का?"

ती आधी माझ्याकडे पाहत राहिली आणि मग जमिनीवर बसून हसत सुटली. लेट-सेव्हन ही गाडी नव्हती. तो एक इवलासा आरएनए होता. आणि "लेट" म्हणजे उशीर नव्हे, तर "लीथल", प्राणघातक! तो पहिल्यांदा एका किड्यात सापडला, बिघडला की किडा मरायचा, म्हणून असं नाव. एवढ्याशा गोष्टीला एवढं भयंकर नाव ऐकून मी हबकलोच. "मला दाखव," म्हणालो.

प्रयोगशाळेत

दारातच केतकीने माझ्या तोंडाला मास्क बांधला.

"जंतूंसाठी?"

"जंतूंसाठी नाही, तुमच्यासाठी. आरएनए फार नाजूक. थुंकीत आणि बोटांच्या घामात त्याला खाऊन टाकणारे पदार्थ असतात. उघड्या ट्यूबवर कुणी बोललं तरी नमुना फुकट जाऊ शकतो."

"म्हणजे मी बोललो तर मरेल?"

"तुम्ही बोललात तर लवकर मरेल."

आयुष्यभर माझ्या बोलण्याने सभेत जीव येतो, अशी माझी समजूत. इथे ती ट्यूबच्या टोकाएवढ्या थेंबात विरघळली.

मग तिने समजावलं. ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर उभं आहे. पेशीच्या आत कामाचे हुकूम सतत फिरत असतात, अमुक प्रथिन बनवा, तमुक बनवा. हे हुकूम म्हणजे लांबलचक आरएनए. लेट-सेव्हन मात्र बाविसेक अक्षरांचा तुकडा. स्वतः काहीच बनवत नाही. जाऊन एखाद्या हुकमाला चिकटतो आणि त्याला गप्प करतो.

"म्हणजे तंबी देतो!" मी ओरडलो. मास्कच्या आतून.

"तसं म्हणा," ती सूक्ष्मदर्शकात डोळा खुपसून म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं.

मूलपेशीत हा जवळजवळ दिसतच नाही. म्हणून मूलपेशी पोरासारखी. वाटेल तेवढी वाढते, पुढे काय व्हायचं ते ठरलेलं नसतं. मग ती मोठी होऊ लागते, रक्ताची होते, कातडीची होते, आणि तसतसा हा तुकडा वाढत जातो. आता पुरे, आता आपल्या कामाला लाग, असं सांगत. आणि बऱ्याच कॅन्सरमध्ये हाच कमी झालेला सापडतो. चांगली मोठी झालेली पेशी पुन्हा पोरकटपणावर येते, थांबायचं विसरते.

मला काचेखाली दोन बशा दाखवल्या. एकीत पेशी शहाण्यासारख्या पसरलेल्या. दुसरीत एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, जत्रा उसळल्यासारख्या. फरक कशाचा? एका एवढ्याशा तुकड्याचा. 

"मग हा तुकडा बाहेरून सोडला तर?"

"सोडतेय ना, बशीत. कधी थांबतात, कधी नाही. पण हे बशीतलं आहे, मामा. सगळ्या कॅन्सरांना लागू नाही, आणि हे औषध नाही. हे वाक्य लक्षात ठेवा."

"ठेवलं," मी म्हणालो.

एग्मोर

मेळावा एग्मोर स्टेशनजवळच्या हॉलमध्ये होता. समोर दोन प्रकारची मराठी माणसं बसली होती. डावीकडे आपल्यासारखी, बदलीवर आलेली रेल्वेची, बँकेची मंडळी. उजवीकडे तंजावरची मराठी कुटुंबं, पिढ्यान् पिढ्या तिकडेच वाढलेली. रेशमी साड्या, कपाळावर विभूती. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "तुम्हीं कोठून आलांत? प्रवास सुखाचा जाहला कीं?" आणि मी वळून पाहिलं, की जुनी बखर बोलतेय कोण! शब्द जुने आणि सूर तमिळ. वाक्य शेवटाला असं वर चढतं की प्रत्येक गोष्टीचा प्रश्न होतो. "अस्के आले," म्हणजे सगळे आले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना तीनदा विचारलं, कोण कोण आलं?

या गृहस्थांचं नाव श्रीनिवासराव. एका बँकेत नोकरीला. एकटेच आले होते.

मग माझा माईक आला. ठरलेले किस्से झाले. डावी बाजू हसली, उजवी बाजू हसू का असं विचारत हसली. तेव्हा मी ताजा माल काढला. लेट-सेव्हनच्या गाडीची गोष्ट सांगितली. हॉल पेटला. आणि मग मी, तुमच्यापासून काय लपवायचं, वाहवत गेलो.

"मंडळी, कॅन्सर म्हणजे काय? थांबायचं विसरलेली पेशी! आणि तिला थांबवतो कोण? मोठमोठे नाहीत. जो सगळ्यांत धाकटा आहे, तो! तंबी दिली की मूलपेशी ठिकाणावर येते! तंबी नाही, तर काही नाही! आता मला सांगा, तंबी कोण देणार? धाकटाच देणार!"

डावीकडे टाळ्या. उजवीकडे शांतता. काही बायकांनी एकमेकींकडे पाहून माना हलवल्या, फार मोठं ऐकल्यासारख्या. मला वाटलं, विज्ञान पोचलं! "हे औषध नाही" हे वाक्य मी पुढे म्हणालोही, पण तेव्हा टाळ्या चालू होत्या आणि माईकची शिट्टी वाजत होती.

जेवण केळीच्या पानावर. डांगर पच्चडी वाढली, उडदाचं भाजकं पीठ दह्यात कालवून केलेली, हिंगाची फोडणी दिलेली. आपल्याकडचं डांगर तीनशे वर्षं परदेशी राहून जास्तच देखणं झालं होतं. मी दुसऱ्यांदा मागत असतानाच श्रीनिवासरावांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते.

"तुम्हीं बोललांत तेंच खरें. तंबीच देणार."

"अर्थात!" मी म्हणालो. "तंबीच द्यायला हवी!"

"पण तो देईल?"

"तो" कोण ते मला कळलं नाही, पण तोंडात घास होता. "का नाही देणार? सणसणीत!"

"मग तुम्हींच चला. माझें तो ऐकणार नाहीं. तुमचें ऐकेल. उद्यां एन्नोरला."

मला वाटलं, मला कुणालातरी तंबी द्यायला नेतायत. या कामासाठी मला आजवर कुणी इतक्या आदराने बोलावलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो.

एन्नोर

एन्नोर शहराच्या उत्तर टोकाला. वाटेत गाडीत श्रीनिवासरावांनी सगळं सांगितलं, आणि माझा उत्साह खिडकीबाहेरच्या धुरासारखा विरत गेला.

त्यांच्या बायकोला, मैथिलीबाईंना, रक्ताचा कॅन्सर होता. वय सत्तेचाळीस. औषधांनी आजार दबला होता, पण तो उलटणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. उपाय एकच, सख्ख्या भावंडाच्या मूलपेशी. जुळल्या तर. डॉक्टरांनी विचारलं, भाऊ-बहीण कोणी? त्या म्हणाल्या, "मला कोणी नाहीं."

"आणि आहे?"

"आहे. मुरली. एकच. एन्नोरला वीजकेंद्रांत इंजिनिअर."

"मग खोटं का सांगितलं?"

श्रीनिवासरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पत्रिकेसाठी."

मुरलीने मुलाच्या मुंजीची पत्रिका तमिळमध्ये छापली. फक्त तमिळमध्ये. मराठी एक ओळ नाही. मैथिलीबाईंच्या घरात मराठीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही, असा त्यांचा दंडक. मुलं बाहेर तमिळ, घरात शिरताच चपलांबरोबर तीही काढून ठेवायची. त्यांनी मुंजीला जायचं नाकारलं. मुरली म्हणाला, मराठी वाचायला मलाच येत नाही, आणि मुलाचे मित्र येणार आहेत, त्यांना वाचता यायला नको? त्यावर त्या म्हणाल्या, तर मग मित्रांनाच आत्या कर. तेव्हापासून दोघं बोललेली नाहीत.

एका पत्रिकेसाठी माणूस जीव देतं! मला शब्दच सुचेना. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण बराच वेळ सुचेना. बाहेर राखेने करडी झालेली झाडं, वीजकेंद्राच्या चिमण्या, खाडीच्या कडेला वाळत घातलेली मासळी आणि तिच्याशेजारी बसून जाळं विणणारे कोळी, सगळं दृष्टीस पडत होतं पण मनात जात नव्हतं.

तेवढ्यात मुरलीच्या क्वार्टरचं दार आलं. दणकट माणूस, जाड मिशा, लुंगी. भावजींना पाहून तो उंबऱ्यातच थांबला. मुरलीच्या बायकोने ताकाचे पेले आणून ठेवले. कुणी हात लावला नाही. श्रीनिवासरावांनी मला खूण केली, सुरू करा.

मी सुरू केलं.

"लाज वाटत नाही?" मी गर्जलो. "सख्खी बहीण तिकडे मरणाशी झुंजतेय आणि तू इथे लुंगी नेसून बसलायस? एक ओळ! एक ओळ मराठी छापली असतीस तर हात झडले असते? आईने काय..."

"सर," मुरली म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस! मी तुला तंबी द्यायला आलोय!"

श्रीनिवासराव ताडकन उठले. "हें काय करतांत? तुम्हीं तंबी देणार? तंबी तर हा आहे!"

"हा कशी तंबी देईल? तंबी मी देतोय!"

"तुम्हीं कशाला देतां? तुमचें रक्त कशाला? याचें हवें!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मुरलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावजींकडे, आणि त्याच्या मिशा हलायला लागल्या.

"सर, मी नागपूरला ट्रेनिंगला होतों," तो म्हणाला. "वॉर्डन रोज तंबी देत. पहिल्या दिवशीं मला वाटलें, भाऊ देतायत. म्हणालों, मला भाऊ नको सर, पंखा द्या."

मग त्याने दोन्हीकडे उलगडून सांगितलं. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्याच्या घरात, तंजावरच्या मराठीतही, तोच शब्द. आपली दटावणी त्यांना ठाऊकच नाही. काल मी माईकवरून ओरडत होतो, "तंबी देणार, धाकटाच देणार, मूलपेशी, कॅन्सर थांबतो!" आणि उजव्या बाजूने ऐकलं होतं की धाकटा भाऊ मूलपेशी देईल आणि कॅन्सर थांबेल. श्रीनिवासरावांना वाटलं, माझ्याच घरची गोष्ट हा परगावचा मोठा डॉक्टर सांगतोय.

"मी डॉक्टर नाही हो," मी कसाबसा म्हणालो. "माझं चष्म्याचं दुकान आहे."

ते ऐकून श्रीनिवासराव खुर्चीत बसले ते एकदम म्हातारे दिसायला लागले. तेवढा वेळ मी जगातला सर्वांत नालायक वक्ता होतो.

मुरलीचं हसू आता पूर्ण गेलं होतं. "भावजी, मूलपेशी म्हणजे? काय द्यायचें मी?"

श्रीनिवासरावांनी सांगितलं. आजारापासून ते "मला कोणी नाहीं" पर्यंत.

"कधीपासून आजारी आहे?"

"दिवाळीपासून."

"आणि तुम्हीं आज येतां? तेही यांचें भाषण ऐकून?" त्याचा आवाज चढला. मग उतरला. "अक्का म्हणाली, भाऊ नाहीं?"

मुरली आत गेला. शर्ट घालून बाहेर आला. बटणं वरखाली लागली होती. "चला," म्हणाला.

पुन्हा एग्मोर

वाटेतून मी केतकीला फोन केला. "मामा, तुम्ही त्या हॉलमध्ये काय सांगितलंत?" ती इतक्या मोठ्याने ओरडली की ड्रायव्हरने मागे पाहिलं. "असलं ऐकून माणसं चाललेले उपचार सोडतात! कुठे चाललात तो पत्ता सांगा, मी येतेय." ती आमच्या आधी एग्मोरला श्रीनिवासरावांच्या दारात उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मैथिलीबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, अंगात काही उरलेलं नाही, डोळे मात्र असे की मी आपोआप बूट सरळ लावले.

"हे कोण आणलेंत?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. मुरलीकडे पाहिलं नाही.

"तुझा तंबी."

"मला तंबी नाहीं. डॉक्टरांना सांगितलें आहे."

"अक्का," मुरली म्हणाला आणि थांबला. पुढे तो तमिळमध्ये काहीतरी बोलून गेला. हात वर करून त्यांनी त्याला अडवलं.

"या घरांत तें नको."

मी घसा खाकरला. "ताई, मी जरा..."

"तुम्हीं कालचे भाषणवाले? बसा. ऐकूं आलें माझ्या कानांवर. पुष्कळ बोललांत."

बसलो.

मग त्यांनी केतकीला जवळ बोलावलं. "मुली, तुझें तें धाकटें आरएनए. तें माझ्या रक्तांत नाहीं का? कोणी त्याला सांगत नाहीं का, की या पेशींना आवर?"

केतकीने खुर्ची ओढली. मी तिच्याकडे पाहत होतो. या पोरीला मी खांद्यावर बसवून सर्कस दाखवली होती. आता तिच्या तोंडून काय निघतं, यावर त्या घरातलं प्रत्येक जण कान लावून होतं.

"असेल," ती म्हणाली. "कमी असेल, किंवा असून त्याचं कुणी ऐकत नसेल. तुमच्या आजारात नेमकं काय होतं ते आम्हाला अजून नीट माहीत नाही. मी बशीतल्या पेशींवर काम करते, मावशी. त्यातून कधी औषध निघालंच तर मी म्हातारी झालेली असेन. आज तुम्हाला माझा काही उपयोग नाही. यांचा होईल," तिने मुरलीकडे बोट दाखवलं, "कदाचित. पेशी जुळल्या तर. जुळल्या तरी त्रास फार आहे, आणि तरीही आजार परत येऊ शकतो."

मी मनात कपाळावर हात मारला. असं कुणी सांगतं? मी असतो तर...

"कदाचित," मैथिलीबाई म्हणाल्या. शब्द चाखून पाहिल्यासारखा. "अस्के 'नक्की' म्हणतात. नवरा म्हणतो नक्की, देवळांतले भटजी म्हणतात नक्की. आणि कोणी माझ्याकडे पाहत नाहीं." मग पहिल्यांदा त्या भावाकडे वळल्या. "शर्टाचें बटण चुकलें आहे."

मुरलीने खाली पाहिलं.

"सुई टोचतांना तूं रडशील. लहानपणीं देवीची लस टोचायला आले तर माळ्यावर चढला होतास."

"नाहीं रडणार, अक्का."

आणि तो खरंच रडला नाही. दुसऱ्या दिवशी इस्पितळात मी होतो. सुई दिसताच एवढा मोठा इंजिनिअर आवाज न करता भिंतीवरून घसरत खाली आला. नर्स धावल्या. मैथिलीबाई स्वतःच्या खुर्चीतून उठल्या, त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि नर्सला अस्खलित तमिळमध्ये अशा काही बोलल्या की श्रीनिवासराव थक्क होऊन माझ्या कानात म्हणाले, "लग्नाला इतकीं वर्षें झालीं. मी हें प्रथमच ऐकतों."

अकोला

अहवाल यायच्या आधीच मला निघावं लागलं. केतकी स्टेशनवर आली. गाडी सुटताना म्हणाली, "मामा, परत माझ्या कामावर बोलायचं असेल तर आधी मला ऐकवायचं. पूर्ण." मी कबूल केलं. ते अजून पाळतो आहे, आणि मला ते फार जड जातं.

मग काही दिवसांनी दुकानात फोन वाजला. गिऱ्हाईक समोर अक्षरांचा तक्ता वाचत होतं.

"जुळल्या," केतकी म्हणाली. "पूर्ण."

मी गिऱ्हाइकाला मिठी मारली. त्याला वाटलं, शेवटची ओळ बरोबर वाचली.

पण केतकीचं सांगून झालं नव्हतं. ती त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टर इंग्रजीतून सगळं समजावत होते. आधी तुमच्या हाडांतल्या बिघडलेल्या पेशी औषधाने पूर्ण संपवणार. मग भावाच्या मूलपेशी तुमच्यात सोडणार. त्या आत घर करतील आणि तिथून पुढे तुमच्या अंगात जे रक्त तयार होईल ते तुमचं नसेल, भावाचं असेल. त्याचा रक्तगट वेगळा आहे, तर तुमचाही तोच होईल.

मी फोनवर किंचाळलो. "रक्तगट बदलतो?"

"बदलतो. त्याही तशाच बघत राहिल्या. सगळे घाबरलो, आता नाही म्हणतात की काय."

"मग?"

मैथिलीबाईंनी बराच वेळ विचार केला म्हणे. सहीचं पेन हातात होतं. मग नवऱ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे आतां माझ्या रक्तालाही मराठी वाचतां येणार नाहीं."

आणि सही केली. डॉक्टर हसले नाहीत, त्यांना ती भाषा कळत नव्हती. मुरलीला कळली. तो इतका हसला की नर्सने त्याला बाहेर काढलं. "गुरुवारी दोघांना दाखल करतायत," केतकी म्हणाली.